रीबस मालिका कशी वाचावी: २५ कादंबऱ्यांत शिरायची वाट

स्कॉटिश लेखक इयन रँकिनच्या, एडिनबरातल्या पोलीस इन्स्पेक्टर जॉन रीबसच्या रहस्यकथा मालिकेत १९८७ ते २०२४ या काळात २५ कादंबऱ्या आल्या. एवढा ढीग पाहिला की नवा वाचक सरळ पहिलं पुस्तक उचलतो. माझा सल्ला वेगळा आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. रहस्यकथांतले पोलीस सहसा म्हातारे होत नाहीत, रीबस होतो. कादंबऱ्यांबरोबर त्याचंही वय वाढतं आणि २००७ च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये तो साठीला टेकून निवृत्त होतो. त्यामुळे कुठलंही पुस्तक मधूनच उचललंत, तर गुन्हा उलगडेल, पण हा माणूस हाती लागणार नाही.

सुरुवात १९९३ च्या ‘द ब्लॅक बुक’पासून करा. रीबसच्या सहकाऱ्यावर हल्ला होतो, त्याच्या वहीतल्या सांकेतिक नोंदींवरून पाच वर्षांपूर्वी जळालेल्या एका हॉटेलचं प्रकरण वर येतं. रीबसची पोलीस सहकारी शिवॉन क्लार्क याच पुस्तकात येते. तिच्या नावाच्या स्पेलिंगला बिचकू नका, उच्चार ‘शिवॉन’ असाच आहे. एडिनबराच्या गुन्हेगारी जगातला दादा कॅफर्टीही इथेच नीट आकार घेतो. पुढची सगळी मालिका या तिघांच्या ओढाताणीवर उभी आहे.

मग ‘मॉर्टल कॉजेस’, ‘लेट इट ब्लीड’ आणि १९९७ चं ‘ब्लॅक अँड ब्लू’ याच क्रमानं वाचा. शेवटच्याला सावकाश वेळ द्या. गुन्हेकथांसाठीचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळवणारं हे पुस्तक मला मालिकेतलं सर्वांत दमदार वाटतं. १९६० च्या दशकाअखेरीस ग्लासगोत खरोखर झालेल्या आणि आजवर न उलगडलेल्या ‘बायबल जॉन’ खुनांचा धागा त्यात आहे, शिवाय तेलाच्या पैशावर फुगलेलं अ‍ॅबर्डीनही.

वाचताना एडिनबराचा नकाशा जवळ असू द्या. रीबस राहतो ती आर्डन स्ट्रीट खरी आहे, तो पितो तो यंग स्ट्रीटवरचा ऑक्सफर्ड बारही खरा. स्कॉट्स शब्द अडतील. ‘ड्रीख’ म्हणजे कुंद, उदास हवा. ‘हार’ म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं. दर वेळी शब्दकोश उघडू नका, संदर्भानं कळत जातं.

कायद्याची एक गोष्ट मात्र माहीत हवीच. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था इंग्लंडहून वेगळी आहे. तिथे आरोप सिद्ध करायला एका साक्षीदाराचा शब्द पुरत नाही, त्याला स्वतंत्र दुजोरा लागतो. म्हणून पोलीस चौकशीला जोडीनं जातात. रीबस वारंवार एकटाच जातो, वरिष्ठांना न सांगता. त्याला जे कळतं ते कोर्टात टिकेलच असं नसतं. हे ध्यानात ठेवलंत, तर त्याचा हेकेखोरपणा नुसती ऐट वाटणार नाही. त्याची किंमत तो पानोपानी मोजताना दिसेल.

आता मागे जा आणि १९८७ चं ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ वाचा. तेव्हा रँकिन विशीत होता, मालिकेचा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता. इथला रीबस जरा कच्चा वाटतो, पण आता तुम्ही त्याला ओळखत असाल, म्हणून त्याच्या लष्करी भूतकाळाची जखम नीट कळेल. लंडनमध्ये घडणारं ‘टूथ अँड नेल’ नंतर सवडीनं वाचलंत तरी चालेल.

पुढे ‘द हँगिंग गार्डन’पासून ‘एक्झिट म्युझिक’पर्यंत क्रम मोडू नका. वाटेत ‘द फॉल्स’ लागेल. १८३६ मध्ये एडिनबरातल्या आर्थर्स सीट या टेकडीवरच्या कपारीत काही मुलांना १७ चिमुकल्या शवपेट्या सापडल्या होत्या, प्रत्येकीत एक लाकडी बाहुली. त्यांपैकी उरलेल्या आठ आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या कुणी आणि का ठेवल्या हे अजून कोडंच आहे. त्या कोड्याभोवती रँकिननं जे रचलंय, ते रात्री एकट्यानं वाचावं.

निवृत्तीनंतर रीबस २०१२ मध्ये परततो. त्याआधी माल्कम फॉक्सची दोन पुस्तकं, ‘द कंप्लेंट्स’ आणि ‘द इम्पॉसिबल डेड’, वाचून घ्या. फॉक्स पोलिसांचीच चौकशी करणारा पोलीस आहे. रीबसचं नाव ऐकताच तो का ताठरतो, हे मग सांगावं लागत नाही.

शेवटची दोन पुस्तकं मात्र लागोपाठ वाचा. २०२२ चं ‘अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स’ उघडतं तेव्हा रीबस स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. ते हातात घेण्याआधी २०२४ चं ‘मिडनाइट अँड ब्लू’ घरात आणून ठेवा.