मुखड्यावर परतणारं गाणं स्टाफवर लिहिताना: छपाईआधीची तयारी

कोल्हापूरच्या शाहू स्मारकातल्या कार्यक्रमासाठी वाद्यवृंद बसवायचा आहे, क्लॅरिनेट आणि कॉर्नेटला बँडमधले स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी) वाचणारे वादक आहेत, पेटी सरगमवर आणि ढोलकी कानावर, असं धरून चाला. सगळ्यात आधी संगणक बंद ठेवून गाण्याचा रस्ता वहीत मराठीत लिहून काढा: ध्रुवपद दोनदा, अंतरा, मग ध्रुवपद तीनदा आणि तिसऱ्या वेळी तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा). हे गायकाकडून पक्कं करून घ्या, कारण तालमीत बदलतं ते नेमकं हेच. प्रत्येक फेरीनंतर कुठल्या मात्रेवरून (तालाच्या कितव्या मोजणीवरून) परत फिरायचं, तेही शेजारी लिहा. आपण समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) परत फिरत नाही, मुखड्याच्या म्हणजे ध्रुवपदाच्या सुरुवातीच्या ओळीच्या उठावापासून, ती जिथं सुरू होते तिथून फिरतो, आणि स्टाफवरच्या रिपीटच्या (तोच भाग पुन्हा वाजवायच्या) खुणांचा घोळ होतो तो इथंच.

केरवा ताल घ्या. त्याचं एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) म्हणजे आठ मात्रांचा चार-चारचा एक बार (दोन उभ्या रेघांमधला भाग), मात्रेला एक क्वेव्हर (आठव्या भागाचा स्वर). मुखडा सातव्या मात्रेवर उठून समेवर येतो. म्हणजे परत फिरण्याची जागा बारच्या आतच आहे, सहा मात्रांनंतर. म्हणून सुरुवातीला दोन मात्रांचा छोटा बार करा, रिपीटची सुरुवातीची रेघ त्याच्या डावीकडे ठेवा आणि पहिल्या एंडिंगचा (एंडिंग म्हणजे ठरावीक फेऱ्यांचा वेगळा शेवट, त्यावर कंस आणि आकडा असतो) शेवटचा बार सहा मात्रांचाच ठेवा. सहा आणि दोन मिळून आवर्तन पुरं होतं. तो बार पूर्ण आठ मात्रांचा राहिला, तर प्रत्येक फेरीत दोन मात्रा जास्तीच्या येतात आणि ढोलकीवाल्याची सम हुकते. म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये बारच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याची खरी लांबी बदलता येते. तिथंच छोट्या बारला मोजणीतून वगळा, म्हणजे ‘बार बावीसपासून घ्या’ म्हटल्यावर सगळे एकाच जागी येतील.

आता तिहाई. मुखड्याचे पहिले तीन स्वर सात, आठ आणि सम अशा मात्रांवर असतील, तर त्यांचीच तिहाई सुंदर बसते: सात, आठ, एक; दोनवर विश्रांती; तीन, चार, पाच; सहावर विश्रांती; सात, आठ आणि पुढची सम. मधल्या दोन विश्रांती धरून अकरा मात्रा होतात आणि अकरावी समेवर पडते. उठाव मुखड्याच्याच मात्रेवर असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं मुखडा परत आला, आणि तेवढ्यात गाणं संपतं. कागदावर मात्र तिसऱ्या फेरीच्या एंडिंगची लांबी पहिल्यापेक्षा बरीच जास्त होते. त्यात आधी पुरा आठ मात्रांचा बार येतो, ज्याच्या शेवटच्या दोन मात्रांत तिहाई सुरू होते. मग तिहाईचा बार आणि शेवटी समेचा एकच स्वर. एंडिंगचा कंस तीन बारांवर लांबवायला बिचकू नका. लय कमी करायची खूण असेल तर तीही या कंसाच्या आतच ठेवा. बाहेर राहिली तर तिन्ही फेऱ्या रेंगाळतील.

कंसावर दिसणारा मजकूर आणि वाजणारा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘१., २.’ असं लिहिल्यानं म्यूझस्कोर दोनदा वाजवत नाही. प्रॉपर्टीजमधल्या फेऱ्यांच्या यादीत १,२ भरावं लागतं, आणि रिपीटच्या रेघेच्या बारला किती वेळा वाजवायचं तो आकडा तीन करावा लागतो, कारण मुळात तो दोन असतो. एक-तीन आणि दोन-चार अशी आलटून-पालटून एंडिंग असतील, तर दोन्हींच्या शेवटी रिपीटची रेघ आणि दोन्हींना आकडा चार. लिलिपाँड हा दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी मिडीसाठी (संगणकानं वाजवायच्या फाइलसाठी) रिपीट उलगडण्याची आज्ञा द्यावी, नाहीतर फेऱ्या वाजतच नाहीत. फिनाले या आणखी एका प्रोग्रॅमचं काम ऑगस्ट २०२४मध्ये थांबवल्याची घोषणा झाली. जुन्या फाइली चालत आहेत तोवर म्यूझिकएक्सएमएलमध्ये (इतर प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या फाइलप्रकारात) काढून ठेवा आणि दुसरीकडे उघडल्यावर प्रत्येक एंडिंग तपासा.

अंतऱ्यानंतर डी. एस. (‘खुणेपासून पुन्हा’) लिहून मागं पाठवायचा मोह होतो. तशी उडी घेतल्यावर म्यूझस्कोर रिपीट घेत नाही, सरळ शेवटच्या एंडिंगला जातो. रिपीट हवे असतील तर त्या खुणेवरची ‘प्ले रिपीट्स’ची खूण चालू करावी लागते. पण तेवढ्यानं आपलं भागत नाही, कारण पहिल्यांदा दोन फेऱ्या आणि नंतर तीन हव्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे: शेवटचं ध्रुवपद पुन्हा लिहून काढा. एक पान वाढेल, पण स्टेजवरच्या उजेडात मागची खूण शोधत डोळे फिरवण्यापेक्षा ते परवडलं.

मग प्लेबॅक सुरू करा आणि वहीतला रस्ता बोटानं धरून ऐका. पडद्याकडे पाहू नका. संगणकानं बरोबर वाजवलं म्हणून कागद वाचता येतोच असंही नाही, तेव्हा एका वादकाकडून पार्ट न ऐकवता वाचून घ्या. छापताना एंडिंगचा कंस शक्यतो दोन ओळींत तुटू देऊ नका आणि रिपीटच्या दोन्ही रेघा समोरासमोरच्या पानांवर ठेवा. ‘फक्त दुसऱ्यांदा’ ही सूचना शब्दांतच ठळक लिहा.

पेटी आणि ढोलकीसाठी स्टाफचा कागद नकोच. त्यांना वहीतला रस्ता मोठ्या अक्षरात द्या, आणि तिसऱ्या फेरीपुढं लिहा: तिहाई सातव्या मात्रेपासून.