शांतता कमिटीच्या बैठकीआधी करायची कामं

सणांच्या आधी पोलीस ठाण्यात होणारी शांतता कमिटीची बैठक तुम्ही पाहिली असेल. चहा येतो, साहेब बोलतात, चार जण उठून 'आपलं गाव एकोप्याचं' म्हणतात, फोटो निघतो. तिथं ठरत काहीच नाही. जे ठरायचं ते आधी गावात ठरवून जावं लागतं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात मी पाच वर्षं सरपंच होते. चुकतमाकत जे शिकले ते नव्या सरपंचांसाठी लिहिते, त्यातही बायकांसाठी, कारण 'वैनी, तुम्ही नुसत्या बसा, आम्ही बघतो' म्हणणारे पुष्कळ भेटतील.

जानेवारीतच कालनिर्णय पुढं घेऊन बसा आणि एकाच दिवशी येणारे सण लाल पेनानं गोल करा. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून ते सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. आपलं पंचांगही चंद्राचंच, पण आपण अधिक महिना घालून मागं राहिलेले दिवस भरून काढतो. ('आपलं' लिहिलं खरं, पण त्या खुर्चीत बसून हा शब्द जपून वापरायचा असतो.) त्यामुळं एका अधिक महिन्यापासून पुढच्या अधिक महिन्यापर्यंत दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात, आणि एकदा पडलेली गाठ दोन-तीन वर्षं सुटत नाही. 2018 ते 2020 मोहरम गणपतीत आला. 2022 आणि 2023 ला बकरी ईद आषाढीलाच होती, 2024 आणि 2025 ला मोहरमची दहावी आषाढीला. तेव्हा यंदा गाठ पडली तर पुढच्या वर्षीचंही आत्ताच बोलून ठेवा.

बोलायचं कुणी, हे तारखेपेक्षा नाजूक. 2022 च्या आषाढीआधी मी मशिदीजवळच्या एका चाचांच्या सोप्यावर जाऊन बसले. मी विषय काढायच्या आत तेच म्हणाले, "बाई, कुर्बानीला तीन दिवस असतात, आम्ही दुसऱ्या दिवशी करू. पण हे आम्ही सांगू. तुमच्या मंडळाच्या पोरांनी फळ्यावर लिहायचं नाही." मला ते शंभर टक्के पटलं. माणूस आपणहून देतो ते वेगळं, आणि त्याच्याकडून फलक लावून घेतलेलं वेगळं. आणि देणंघेणं दोन्हीकडून हवं. मोहरमच्या पंजांची मिरवणूक निघते त्या रात्री आमच्या मंडळानं वाजप बंद ठेवायचं, हे मी त्याच आठवड्यात मंडळाकडून कबूल करून घेतलं.

एवढं कशाला, आपल्याकडं परंपरा आहेच की, असं कुणीतरी म्हणेल. गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, कडेगावचे ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला पहिला गलेफ, म्हणजे चादर, चर्मकार समाजाचा असतो. सगळं खरं, आणि भाषणात हे येतंच. पण त्याच मिरजेत 2009 ला गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली. म्हणून कमान, फ्लेक्स, देखावा यांची चित्रं छापायला जायच्या आधी बघा. छापून आल्यावर काढा म्हणालात की तो मानापमान होतो.

मंडपाला दोरी लावा. 'रहदारीस अडथळा होणार नाही' या वाक्याला काही अर्थ नाही. एसटी आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोजायची, फूट कागदावर लिहायचे, खडूनं रेघ मारायची. तीच दोरी गणपतीला, उरुसाला, 14 एप्रिलला आणि हरिनाम सप्ताहाच्या मांडवाला.

भोंग्याचा कायदा सोपा आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर बंद, आणि सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं. अडचण अशी की प्रत्येकाला दुसऱ्याचाच भोंगा ऐकू येतो. ग्रामसभेत गावातल्या सगळ्या कर्ण्यांची यादी करा आणि पहिलं नाव आपल्या भावकीच्या देवळाचं लिहा. मी लिहिलं. सासऱ्यांनी दोन दिवस जेवताना माझ्याशी शब्द काढला नाही, पण बाकीची नावं मग कुणाशी न भांडता लिहिता आली. भोंगा सगळ्यांचा होऊ शकतो, हे मोहित्यांच्या वडगावात जाऊन बघा. तिथं भैरवनाथाच्या देवळावरून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घरोघरी दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी हौसेनं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सत्यनारायण घातला. रवा, तूप, केळी, भटजींची दक्षिणा, सगळं 'किरकोळ खर्चा'त टाकलं. मागासवर्गीय राखीव जागेवरून आलेल्या आमच्या एक सदस्या दारातच चप्पल घालून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "या की आत." त्या शांतपणे म्हणाल्या, "प्रसाद घेते मी, वैनी. पण शिऱ्यात माझी घरपट्टी हाय न्हवं?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन चिडचिडही झाली, शिऱ्यावरून एवढं काय, म्हणून. मग लेकीनं तिच्या पुस्तकातून घटनेचं कलम 27 वाचून दाखवलं: एखाद्या धर्माच्या वाढीसाठी कर द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा, मला शिऱ्याएवढं कळलं. दुसऱ्या दिवशी पैसे पदरचे भरले आणि ग्रामसेवकांकडून पावती घेतली. पुढच्या वर्षी पूजा माझ्या घरी झाली. त्या सदस्या आल्या, दोनदा शिरा घेतला आणि जाताना केळीही घेऊन गेल्या. तुमच्या कार्यालयात आधीपासून चालत आलेली पूजा असेल तर ती एका दमात बंद करू नका, नुसते वाद होतील. आधी खर्च वहीतून काढा, मग जागा आपोआप बदलते.

एवढं झालं की एका कागदावर तारखा, वेळा, फूट आणि प्रत्येक मिरवणुकीच्या दोन जबाबदार माणसांची नावं लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि मग ठाण्यात जा. साहेबांचा शिक्का फोटोच्या आधी मारून घ्या. फोटो झाला की ते उठतात.