दोन कवितांची तुलना लिहिताना

कोल्हापुरात मी बी.ए.च्या मुलांना मराठी शिकवते. तुलनेचा निबंध दिला की पुष्कळ वह्यांत एकच साचा दिसतो: आधी एका कवितेचं रसग्रहण, मग दुसरीचं, शेवटी ‘दोन्ही कविता हृदयस्पर्शी आहेत’. यात तुलना झालेलीच नसते. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कविता समोरासमोर यायला हव्यात.

बालकवींची ‘औदुंबर’ (पाण्यात पाय टाकून बसलेल्या उंबराच्या झाडाची) आणि कुसुमाग्रजांची ‘कणा’ (पुरात घर गेल्यावर सरांना भेटायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्याची) घेऊ. दोन्ही मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल ठेवा. ‘निसर्ग’, ‘जिद्द’ असले मोठे विषय बाजूला ठेवून दोन्हीकडे आलेली एखादी वस्तू शोधा. इथे ती पाणी. ‘औदुंबर’मध्ये ते झऱ्यात, डोहात, लाटांवर आहे, ‘कणा’त आधी केसांवर, मग घरात, शेवटी पापण्यांमध्ये. २०१९च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पंचगंगेचा पूर शिरला होता, त्यांना या पापण्यांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. तरी परीक्षकाला तुमची आठवण दिसत नाही, कवितेतला शब्द दिसतो. तो अवतरणात द्या.

आता क्रियापदं बघा. मला सगळ्यात जास्त तिथेच सापडतं. औदुंबर पाण्यात पाय टाकून ‘बसला’ आहे आणि कविता तिथेच संपते. सरांकडे आलेला जुना विद्यार्थीही ‘क्षणभर बसला’, पण तो पुढे हसत हसत उठतो. झालं, विधान मिळालं: एका कवितेत बसणं हा शेवट आहे, दुसरीत विसावा. हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि पुढचा प्रत्येक मुद्दा त्याला जोडा.

मुद्दे तीन पुरेत. ‘औदुंबर’मध्ये माणूस दिसत नाही, चार घरांचं गाव तेवढं दूर टेकडीकडे, ‘कणा’ जवळजवळ सगळी बोलण्यातून घडते. ‘औदुंबर’ रंगांनी भरलेली आहे, हिरवळीपासून काळ्या डोहापर्यंत. ‘कणा’त भिंत खचते, चूल विझते, म्हणजे चित्र क्रियांनी उभं राहतं. तिसरा मुद्दा लयीचा: एकीकडे आठ संथ, लांब ओळी, दुसरीकडे बोलण्याची चाल. ‘याउलट’, ‘इथेही’, ‘मात्र’ हे शब्द वापरा, पण फरक खरोखर दाखवता येत असेल तिथेच.

चरित्र टाळा. बालकवी १९१८ साली गेले, ही माहिती एखाद्या ओळीचा अर्थ उलगडत नसेल तर निबंधात नको.

समारोपात मुद्दे पुन्हा मोजू नका. ‘कणा’ वाचून झाल्यावर ‘औदुंबर’कडे परत जा आणि नवीन काय दिसतं ते दोन-तीन वाक्यांत लिहा. मला ‘गोड काळिमा’ या शब्दांपाशी थांबावंसं वाटतं: हे झाड शांत बसलंय की थकून? तुमचं उत्तर वेगळं असेल तर तेच लिहा, सोबत ज्या शब्दावरून ते सुचलं तो शब्दही द्या.