असाइनमेंट देण्याआधी वाचकाचं नाव घ्या

गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ‘फिजिक्समधली एक संकल्पना सामान्य माणसाला समजावून सांगा’ अशी असाइनमेंट दिली. अडतीस लेख आले. निम्मे ‘आजच्या विज्ञानयुगात’ने सुरू झालेले आणि जवळजवळ सगळे मलाच समजावणारे. मला एन्ट्रॉपी येते हो! चूक माझीच. सामान्य माणूस कुणी पाहिलाय? पोरांना सर दिसत होते, त्यांनी सरांसाठी लिहिलं.

यंदा परत करतोय, या वेळी तुम्हा सहकारी शिक्षकांसोबत. शब्दमर्यादा, मसुद्यांच्या तारखा, गुणांची बाकी वाटणी हे तुम्ही ठरवालच. त्याआधी, विषय देण्याच्याही आधी, प्रत्येकाकडून वाचकाचं नाव लिहून घ्या. नाव, नातं, कामधंदा. ‘दहावी झालेला कोणीही’ असं लिहिलं की कागद परत.

विषय गावातलेच असू द्यात. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीपर्यंत पोचतात तो, कुणीतरी घेणारच. त्याला सांगा, मंदिराचं वर्णन नको, नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुढं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी याच तारखा का, ते लिही. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेला सगळ्यात लांब जातो. त्याच्या साधारण चाळीस दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो जवळपास एकाच जागी मावळतो, नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला. हा कोन मोजायला लावा. नेटवरून उतरवलेलं तिथंच उघडं पडतं.

वाचक नाव-गावाचा का हवा? गेल्या वर्षी एकाच मुलीनं लेख घरी वाचून दाखवला होता, तोही स्वतःहून. काका गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात काहिलीत (मोठ्या कढईत) उसाचा रस आटवून गूळ करणारे. तिनं लिहिलेलं, ‘पाणी १०० अंशाला उकळतं आणि रस आटत जातो.’ काका म्हणाले, "मग काहिल उतरवताना माझा काटा ११८ का दावतोय?" दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी उभी. द्रावणात साखरेचं प्रमाण वाढलं की उत्कलनबिंदू चढतो, यावरची गणितं तिनं परीक्षेत सोडवलेली होती. काहिलीत तेच चाललंय हे ध्यानातच आलं नव्हतं. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथं साधं पाणीही ९८च्या आसपासच उकळतं. अडतीस लेखांत खरं फिजिक्स शिकलेली ती एकटी, आणि शिकवलं काकांनी.

म्हणून पहिला मसुदा वाचकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं कुठं अडवलं, काय विचारलं, ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. २५ पैकी १० गुण मी यालाच ठेवलेत. ‘वाचकाला आवडलं’ला शून्य. पुन्हा सांगतो, हा वाचक वर्गातला मित्र नाही. तो आधीच सगळं कळल्यासारखी मान हलवतो.

उपमा दिली तर ती कुठं तुटते, त्याची एक ओळ हवीच. नाहीतर ‘एन्ट्रॉपी म्हणजे पसारा’ असं लिहून पोरं मोकळी होतात. सूत्रांवर बंदी नको, एखादं चालेल. दुसऱ्या मसुद्यातलं फिजिक्स तुम्ही तपासा. भाषेला हात लावू नका.

सादरीकरण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी. तीन मिनिटं, स्लाइड नाही. माईक, खुर्च्या, चहा बघून घ्या. वाचकांनाही बोलवा, पण दुपारनंतर. गुऱ्हाळाचा हंगाम असतो, सकाळी काका येणार नाहीत.