गोष्टीत ताण आणायचा असेल तर वाघ आधी दाखवा

गोष्ट कशी सांगावी म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो, शेवटपर्यंत लपवून ठेवा आणि मग एकदम धक्का द्या. अजिबात ऐकू नका बाप्पा. मी सात-आठ वर्षं हेच करत होतो, कोजागिरीला, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, आणि चांगल्या चांगल्या गोष्टी वाया गेल्या.

पहिली पायरी सोपी आहे. कोणाला काय पाहिजे ते दोन वाक्यात सांगून टाका. बाईला मोहफुलाची टोपली भरायची आहे आणि पोरगं सकाळच्या शाळेत जायच्या आत घरी पोचायचं आहे. बस.

दुसरी पायरी म्हणजे संकट, आणि इथंच सगळे चुकतात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडं मार्च-एप्रिलमध्ये बाया अंधारातच मोह वेचायला निघतात कारण फुलं रात्रीतून पडतात आणि उजाडल्यावर गुरं, हरणं खाऊन टाकतात, आणि वाकून वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, हे इकडं लहान पोरालाही माहीत आहे. तर अशीच एक गोष्ट मी सांगायचो. बाई जंगलात गेली, फुलं वेचली, गाणं म्हटलं, आणि अचानक झुडपातून वाघ! पोरं एकदा दचकायची, हसायची, आणि पुढचं कोणीच ऐकायचं नाही. आणि त्याआधीचा सगळा वेळ? जांभया. कारण त्यांच्यासाठी ती बाई नुसती फुलं वेचत होती, त्यात ऐकण्यासारखं काय आहे?

मग एका कोजागिरीला शेजारच्या आजीनं तीच गोष्ट सांगितली. तिचं पहिलंच वाक्य होतं, "त्या दिवशी वाघ नाल्यात बसून होता, रात्री गोऱ्हा मारला होता त्यानं." आणि मग ती आरामात बाईच्या घरी गेली, चूल, टोपली, निजलेलं पोरगं. अंगणात चूप झालं सगळं. बाईनं नाल्याची वाट धरली तेव्हा एका पोराच्या तोंडून निघून गेलं, "तिकडून नको नं जाऊ माय!" गाणं तेच, फुलं तीच, फक्त वाघ कुठं आहे ते आम्हाला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं.

रहस्यपट काढणाऱ्या हिचकॉक या दिग्दर्शकानं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन नेमकं हेच सांगितलं होतं. प्रेक्षकाला बॉम्ब माहीत नसेल तर १५ सेकंदांचा धक्का, माहीत असेल तर १५ मिनिटांचा ताण. म्हणून वाघ आधी दाखवा. काय होणार ते लपवा, काय होऊ शकतं ते लपवू नका.

तिसरी पायरी, उशीर करा. पण उशीर म्हणजे वर्णन नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी जंगलाचं, चांदण्याचं, वाऱ्याचं सांगत बसायचो आणि ताण सैल पडायचा. थांबायचं ते तिच्या कामावरच थांबा. टोपली अर्धी झाली. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केली होती म्हणून फुलं नीट दिसत होती. माकड खेकरलं, तिनं मान वर केली, परत वाकली. टोपली पाऊण झाली. एवढ्यानं निघाली असती तर सुटली असती, पण नाल्याच्या बाजूचं झाड अजून राहिलं होतं. बघा, प्रत्येक वाक्यात एक तर टोपली भरते नाही तर वाघ जवळ येतो, तिसरं काही नाही. ज्या वाक्यानं दोन्ही होत नाही ते कितीही सुंदर असो, काढून टाका, मी तर चांदणं काढूनच टाकलं.

आणि सारखं ताणूनही चालत नाही, माणूस थकतो. आमच्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं बघा, दिवाळीनंतर थंडीत लोकं ब्लँकेट पांघरून पहाटेपर्यंत बसतात ते काही उगाच नाही, गंभीर प्रसंग झाला की विनोद येतो, गाणं येतं, हात मोकळे होतात आणि मग परत पीळ बसतो. आजीनंही मधेच त्या पोराच्या एका चपलेची गंमत सांगितली होती, आम्ही हसलो, आणि हसू संपायच्या आत म्हणाली, "इकडं नाल्यात तो उठला."

आवाज वाढवू नका, कमी करा.

शेवटी वाघ समोर आला की मात्र लवकर आटपा, दोन-तीन वाक्यं पुरे. ती वाचली का गेली ते स्पष्ट सांगा, तेवढं बसून ऐकलेल्या माणसाला अधांतरी सोडायचं नसते. आजीच्या गोष्टीतली बाई ताठ उभी राहिली, हातातला विळा टोपलीवर ठणठण वाजवत मागं मागं सरकली, आणि वाघ नाल्यात उतरून गेला. "मंग पोरगं शाळेत गेलं का जी?" कोणीतरी विचारलं. "गेलं नं," आजी म्हणाली, आणि दुधाचं गंज उतरवायला उठली.