क्लेप देऊन पदवी: आधी कॉलेज ठरवा, मग अभ्यासाला लागा

बी. कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि लग्न होऊन मी न्यू जर्सीला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर अर्धवट राहिलेली पदवी पुन्हा डोक्यात घोळायला लागली, पण रोज वर्गात जाऊन बसणं जमणार नव्हतं. तेव्हा क्लेपबद्दल (कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम) कळलं. कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेच्या या परीक्षा १९६७पासून चालू आहेत. अभ्यास आपला आपण करायचा आणि साधारण दीड तासाचा पेपर द्यायचा. गुण २० ते ८० मध्ये मिळतात, बरीच कॉलेजं ५०ला क्रेडिट देतात, म्हणजे पदवीच्या हिशोबात धरली जाणारी अभ्यासाची एककं. एका विषयाचे सहसा ३ क्रेडिट, जीवशास्त्राचे ६. पदवीला लागतात १२०.

मी लगेच मॅक्रोइकॉनॉमिक्सला बसले, पासही झाले. नंतर भारतातल्या मार्कशीटचं विषयवार मूल्यमापन करून घेतलं, तर बी. कॉम.च्या अर्थशास्त्रावर तेच क्रेडिट मिळालेलं. एका विषयाचं क्रेडिट दोनदा धरत नाहीत. मुलगी झोपल्यावर जागून केलेला दीड महिन्याचा अभ्यास वाया गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून थोडंफार कॉलेज झालेलं असेल, तर मूल्यमापन सगळ्यात आधी.

मग कॉलेज पक्कं करा. ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटचं चार्टर ओक, ऑल्बनीचं एक्सेल्सियर ही बाहेरचं क्रेडिट सढळपणे घेणारी ठिकाणं. तुमच्या पदवीला लागणाऱ्या विषयांची यादी वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा: जुनं क्रेडिट, क्लेप, की ऑनलाइन कोर्स. क्लेपचे विषय बहुतेक पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीचे. वरच्या वर्षांचे रकाने त्यातून भरत नाहीत आणि शेवटचा कॅपस्टोन (पदवीचा समारोपाचा कोर्स) बहुधा त्याच कॉलेजात करावा लागतो. सोफियासारख्या ऑनलाइन कोर्सच्या ठिकाणी महिन्याची फी भरून आपल्या गतीने कोर्स संपवता येतात. त्यांना एसीईची (अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन) क्रेडिटसाठी शिफारस असते, पण शिफारस मानायची की नाही हे कॉलेज ठरवतं. पैसे भरण्याआधी कॉलेजच्या सल्लागाराकडून ईमेलवर होकार घ्या, फोनवरच्या बोलण्यावर राहू नका.

क्लेपच्या तयारीसाठी मॉडर्न स्टेट्स या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मागता येतं. कॉलेज अल्जिब्रा मला जड गेला, ४७ वर अडकले. तोच पेपर पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. त्यामुळे ज्या विषयाची धास्ती वाटते तो सुरुवातीलाच घ्या, पदवीच्या तोंडावर ठेवू नका. दुसऱ्या खेपेला मी रोज सकाळी फक्त वीस गणितं सोडवली, घड्याळ लावून, आणि निघाला.

एच-४वर (इथे नोकरीला आलेल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असाल तर शिकायला अडचण नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मात्र पूर्णवेळ नावनोंदणी लागते आणि त्यात ऑनलाइन कोर्स मोजण्यावर मर्यादा आहे, तिथे हा मार्ग धरू नका. पुढे भारतात परतून नोकरी किंवा एम. कॉम. करायचा विचार असेल, तर ही पदवी समकक्ष धरतील का, हे प्रवेश घेण्याआधीच तिकडे विचारून घ्या.