मालदीव आणि चीनवर गजाली मारताना या चुका टाळा

मालदीवमधलं सरकार बदललं नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्यावरचे वाद मात्र आमच्याकडे मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत अजून ताजे आहेत. बंदरावर लिलाव उरकला, माणसं चहाला टेकली, की कोणीतरी मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "चीनान मालदीव घेतल्यान म्हणतत, खरा काय?" मग तासभर तेच. नुसती गजाल, म्हणजे गप्पा, असती तर सोडून दिलं असतं, पण न्याहारी-निवासवाले आणि स्कूबावाले या गजालींवर धंद्याचे हिशेब मांडतात, म्हणून नेहमी होणाऱ्या चुका इथे लिहितोय.

आधी घटना थोडक्यात. अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या, ३० सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या फेरीत मोहम्मद मुइझ्झू सुमारे ५४ टक्के मतं घेऊन जिंकले आणि तेव्हाचे अध्यक्ष इब्राहिम सोलिह हरले. १७ नोव्हेंबरला शपथ झाली आणि लगोलग भारताला तिथली लष्करी माणसं परत न्यायला सांगितलं गेलं. डिसेंबरात भारताबरोबरचा सागरी सर्वेक्षणाचा करार पुढे न चालवण्याचं ठरलं. आधीचे बहुतेक अध्यक्ष पहिला मोठा दौरा दिल्लीचा करत. हे तुर्कस्तानला गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये चीनला जाऊन वीस करार करून आले. त्याच दिवसांत पंतप्रधान मोदींचे लक्षद्वीपचे फोटो आले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी गलिच्छ शेरे मारले आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट उसळली. त्या तिघांना तिथल्या सरकारने लगेच निलंबित केलं, हे फॉरवर्डमध्ये क्वचितच असतं.

नकाशा न उघडता बोलणं

मालवणच्या जेटीवर उभं राहून नाकासमोर दक्षिण धरली तर साधारण तेराशे किलोमीटरवर माले, म्हणजे मालदीवची राजधानी, येतं. रेखांश जवळजवळ एकच, साडेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास. त्यामुळे चीन तिथे आला म्हणजे आपल्या दारात आला असं वाटणं साहजिक आहे. पण ते दार आपलं नाही, लक्षद्वीपचं. मिनिकॉयपासून मालदीवचं उत्तर टोक जेमतेम सत्तर सागरी मैलांवर आहे आणि मिनिकॉयची माणसं बोलतात ती मालदीवच्या दिवेही भाषेचीच बोली. दोन देशांमधली सागरी हद्द १९७६ च्या कराराने ठरलेली आहे. आखातातून पूर्वेकडे जाणारी जहाजं मिनिकॉयच्या दोन्ही अंगांनी, ‘एट डिग्री’ आणि ‘नाइन डिग्री’ चॅनेलमधून जातात. दिल्लीची खरी काळजी या वाटांची आहे. गावात मर्चंट नेव्हीतला कोणी सुट्टीवर आला असेल तर त्याला विचारा. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा तो नीट सांगेल.

‘भारतीय फौज’ म्हटल्यावर छावणी डोळ्यांसमोर आणणं

ही चूक दोन्ही बाजूंची माणसं करतात. मालदीवमध्ये होते ते भारताचे सुमारे ७७ जण, दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान. बेटं जवळपास १,२००, त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर वस्ती, लोकसंख्या पाचेक लाख आणि मोठं इस्पितळ मालेत. आपल्याकडे रात्री पेशंट गंभीर झाला की अ‍ॅम्ब्युलन्स गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाकडे धावते. तिथे मध्ये रस्ताच नाही, समुद्र आहे. बांबोळीची ती धाव तिथे या विमान-हेलिकॉप्टरांनी घेतली, शिवाय समुद्रात हरवलेल्यांचा शोधही त्यांच्याच अंगावर असायचा.

पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही सरकारांची बोलणी झाली आणि १० मेपर्यंत गणवेशातली माणसं परत आली. विमान आणि हेलिकॉप्टर तिथेच राहिली, ती चालवायला भारतातूनच नागरी तंत्रज्ञ गेले. म्हणजे ‘भारताला हाकललं’ म्हणणारा अर्धा खरा आणि ‘काहीच झालं नाही’ म्हणणाराही अर्धाच. मुइझ्झूंना मतदारांना दाखवायला गणवेश हटलेला हवा होता, तो मिळाला. दिल्लीला यंत्रं तिथे राहायला हवी होती, ती राहिली.

सगळं मुइझ्झूंच्या खात्यावर मांडणं

‘इंडिया आऊट’ ही घोषणा त्यांनी शोधलेली नाही. ती २०२० पासूनची, म्हणजे भारताच्या जवळच्या मानल्या जाणाऱ्या सोलिह यांच्याच काळातली. पुढे माजी अध्यक्ष अब्दुल्ला यामीन तुरुंगातून बाहेर आले आणि त्यांनी ती उचलून धरली. एप्रिल २०२२ मध्ये सोलिह यांनी फर्मान काढून त्या मोहिमेवर बंदी घातली. माझ्या मते तिथेच ती पक्की झाली. बंदी घातली की लोकांना वाटतं, यात नक्की काहीतरी आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये यामीन यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात ११ वर्षांची शिक्षा झाली. त्यांना उभं राहता येईना, तेव्हा मालेचे महापौर मुइझ्झू ऐनवेळी उमेदवार झाले. दुसरीकडे सोलिह यांचा पक्ष फुटला, माजी अध्यक्ष नशीद यांनी वेगळी चूल मांडली. मालेत राहायला जागा नाही आणि घरभाडं आवाक्याबाहेर. ‘चीनने निवडून आणला’ म्हणण्याआधी हे सगळं बाजूला ठेवावं लागतं, आणि ते ठेवता येत नाही.

चीनशी त्यांचं नातं हवेतलं आहे असंही नाही. मुइझ्झू स्थापत्य अभियंते. यामीन यांच्या सरकारात ते गृहनिर्माण आणि पायाभूत सुविधांचे मंत्री होते, आणि मालेला विमानतळाच्या बेटाशी जोडणारा चिनी मदतीचा पूल त्याच काळात उभा राहून २०१८ मध्ये सुरू झाला. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला चीन म्हणजे आधी पूल दिसतो.

आमच्या गजालीत इथे हमखास एक वाक्य येतं: १९८८ मध्ये आपण त्यांचं सरकार बंडातून वाचवलं, २००४ च्या त्सुनामीत धावलो, २०१४ मध्ये मालेचं पाणी बंद पडलं तेव्हा पाणी पोचवलं, तरी उलटले. तिन्ही गोष्टी खऱ्या. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून उडालेले छत्रीधारी जवान मालेजवळच्या हुलुले या विमानतळाच्या बेटावरच्या धावपट्टीवर उतरले होते. पण त्यानंतर जन्मलेला मतदार आज पस्तिशीत आहे. उपकारांची यादी वाचून दाखवली की समोरचा हमखास चिडतो, मग तो देश असो की चुलतभाऊ.

बहिष्काराचा एकच आकडा सांगणं

आपल्या किनाऱ्याला ही चूक सगळ्यांत महाग पडली. ‘बहिष्काराने मालदीव गुडघ्यावर आला’ या वाक्यामागे एक खरा आकडा आहे. २०२३ मध्ये मालदीवला गेलेले भारतीय पर्यटक सुमारे २ लाख ९ हजार होते आणि भारत पहिल्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये ते सुमारे १ लाख ३१ हजारांवर आले. घसरण मोठीच आहे. पण त्याच वर्षी मालदीवच्या एकूण पर्यटकांनी २० लाखांचा आकडा ओलांडला, आधीच्या वर्षी ते १९ लाखांच्या आत होते. पहिल्या क्रमांकावर चीन गेला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर चित्र असं: भारतीयांची जागा इतरांनी भरली, तिथल्या हॉटेलांना चटका बसला पण ती बुडाली नाहीत, आणि त्यांचं चिनी पाहुण्यांवरचं अवलंबणं वाढलं. हे आपल्याला हवं होतं का, हा प्रश्न बहिष्कारवाल्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

आता तारकर्ली. जानेवारी २०२४ मध्ये ‘मालदीव कशाला, तारकर्लीला या’ अशा पोस्टींचा पाऊस पडला. बोलावणं चांगलंच आहे, पण मालदीवला जाणारं गिऱ्हाईक कोण ते बघितलं पाहिजे. १९७२ पासून त्या देशाने एक बेट, एक रिसॉर्ट असा साचा उभा केला. तिथे जातं ते बहुतेक नवं जोडपं, ज्याला चार दिवस दुसरं माणूस दिसायला नको असतं. तारकर्ली-देवबागला येतो तो पुणे, कोल्हापूर, बेळगावचा गोतावळा, दोन गाड्या भरून, आजीसकट. त्याला सुरमईचं ताट, स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि डॉल्फिन हवे. हा गोतावळा मालदीवचं तिकीट रद्द करून आलेला नसतो, कारण त्याने ते काढलेलंच नसतं.

देवबागात एकाने त्या लाटेत रिसॉर्टचा फोटो छापून बॅनर लावला, निळ्याशार पाण्यावर लाकडी खोल्या. पाहुणे आले आणि त्यांनी पहिला प्रश्न त्या खोल्यांचाच केला. मालकाची आई ओटीवरून म्हणाली, "पाण्यावर खोली नाय, पण जुलैत इलात तर खोलीत पाणी मिळात." पाहुणे हसले म्हणून निभावलं. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या, नियमांत तसल्या खोल्या इथे उभ्या राहणं कठीण, आणि वर्षातला मेअखेर ते ऑगस्टअखेरचा काळ जलक्रीडा बंदच असतात.

तेव्हा जाहिरात करताना दुसऱ्याचा समुद्र दाखवू नका. आपल्या पाण्याचा तळ दिवाळीनंतर दिसू लागतो, तो महिना लिहा. चिपीच्या, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाच्या, विमानाचं वेळापत्रक बदलतं, ते बुकिंगच्या वेळी तपासून सांगा. ज्यांना प्रवाळच बघायचे आहेत त्यांना मालवणच्या खडकांजवळ काय दिसतं आणि काय दिसत नाही हे आधीच सांगून टाका. विजयदुर्गसमोरचा आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार, शंभरेक किलोमीटर आत आहे, सकाळी जाऊन दुपारी जेवायला परतण्यातला नाही. बहिष्काराचा सगळा फायदा लक्षद्वीपला गेला, हेही ऐकीवच. तिथे जायला परवाना लागतो आणि राहायच्या खोल्या मोजक्या आहेत.

कांदा विसरणं

‘आपण त्यांची रसद तोडली’ असं छाती फुगवून सांगणाऱ्याला एकच विचारा: एप्रिल २०२४ मध्ये काय झालं? वाद ऐन भरात होता. डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद असल्याने नाशिकचा शेतकरी संतापला होता. त्याच एप्रिलमध्ये भारत सरकारने मालदीवला त्या वर्षासाठी जीवनावश्यक वस्तूंचा कोटा मंजूर केला. त्यात सुमारे ३५,७०० टन कांदा होता. शिवाय तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, बटाटे, डाळ, अंडी, दहा लाख टन नदीची वाळू आणि तेवढीच खडी. १९८१ पासून चाललेल्या या व्यवस्थेतला तोवरचा हा सर्वांत मोठा कोटा.

वाळू म्हटल्यावर आमच्या खाडीपट्ट्यातले कान टवकारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. मालदीवमध्ये प्रवाळ फोडल्याशिवाय घर बांधायला सामान नाही, ते बाहेरूनच येतं. भांडण चालू असताना ज्याचा भात, कांदा आणि खडी आपण पाठवतो त्या देशाशी आपण नक्की काय करतोय, हे टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून समजणार नाही.

जहाज दिसलं की युद्धनौका

फेब्रुवारी २०२४ मध्ये मालेत चिनी जहाज लागलं, ‘शियांग यांग हाँग ०३’. फॉरवर्डमध्ये त्याची युद्धनौका झाली आणि फोटो भलत्याच नौकेचा होता. ते संशोधन जहाज होतं. त्यावर ‘मग काय घाबरायचं’ म्हणणंही भाबडेपणाचं. समुद्रतळाचा नकाशा, खोली, खारटपणा ही माहिती मासळीसाठी उपयोगी, तशीच पाणबुड्यांसाठीही. भारताबरोबरचा सर्वेक्षण करार थांबवायचा आणि चिनी संशोधन जहाजाला मालेच्या बंदरात लागू द्यायचं, या दोन गोष्टी एकत्र बघा. मार्चमध्ये चीनबरोबर मोफत लष्करी मदतीचा करार झाला, तोही त्यांच्याच रांगेत ठेवा. काळजी इथे आहे, आणि त्यासाठी खोट्या फोटोची गरज नाही.

रागाचा रोख शेजाऱ्याकडे वळवणं

मालदीव मुस्लिम देश, म्हणून वाद रंगला की कोणीतरी आपल्याच बंदरातल्या दालदी, म्हणजे मुसलमान, मच्छीमाराकडे बघून टोमणा मारतो. तिथेच गप्प करा. त्याचं आणि मालेच्या सरकारचं नातं तुमच्या-आमच्याइतकंच, म्हणजे शून्य.

‘मिटलं सगळं’ म्हणून फाइल बंद करणं

जून २०२४ मध्ये मुइझ्झू मोदींच्या शपथविधीला दिल्लीत आले. ऑक्टोबरात पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या तिजोरीत डॉलरचा खडखडाट होता. रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंतच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठीला मोदी मालेत पाहुणे होते आणि ४,८५० कोटी रुपयांच्या कर्जाची घोषणा झाली. यावरून आमच्याकडे ‘आला ना वठणीवर’ सुरू झालं.

पण १ जानेवारी २०२५ पासून मालदीव आणि चीन यांचा मुक्त व्यापार करार अंमलात आला आहे. तो यामीन यांनी २०१७ मध्ये केला, सोलिह यांनी बाजूला ठेवला आणि मुइझ्झूंनी चालू केला. दिल्लीची मदत घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत. एप्रिल २०२४ च्या निवडणुकीपासून संसदेत त्यांच्या पक्षाकडे दोन तृतीयांशहून जास्त जागा आहेत, त्यामुळे असं काही मंजूर करून घ्यायला त्यांना कोणाचं तोंड बघावं लागत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी मुइझ्झूंचा हस्तांदोलनाचा फोटो पुढे केला तर तो कोणाबरोबरचा आहे हे राहू द्या. त्या महिन्यात सही कशावर झाली आणि आधीच्या कोणत्या करारावर काट मारली गेली, एवढं विचारा. सर्वेक्षणाचा करार भारताबरोबर पुन्हा झाला, अशी बातमी आली तर ती मात्र मला जरूर पाठवा.